तोंड उघडं ठेवा, गाणं चालू आहे

सिनेमाचा नायक पळून गेला तेव्हा सिनेमा निम्म्याहून जास्त झाला होता.

नायक म्हणजे एक बासरीवाला. कारखान्यातली नोकरी सोडून बासरीच्या मागे लागलेला, अंगाने काटकुळा, केस खांद्यापर्यंत, नजर कायम लांब कुठेतरी लागलेली. माहितीपटासाठी मुद्दाम घडवून घेतल्यासारखा. त्याच्यामागे कॅमेरा आणि माईक घेऊन दोघं जण महिनोन्‌महिने हिंडले होते. आणि एका सकाळी त्याने सांगून टाकलं, की सासऱ्यांनी फरशांच्या दुकानात भागीदारी दिली आहे, केसही कापून झालेत, आता स्वप्नबिप्न बंद.

"अरे, निदान केस कापताना तरी बोलवायचंस," दिग्दर्शक कळवळून म्हणाला. "केवढा शॉट गेला!"

या दिग्दर्शकाला सगळे दिग्गज म्हणायचे. दिग्दर्शक म्हणावं असं त्याच्या हातून अजून काही पूर्ण झालं नव्हतं, म्हणून पहिलं अक्षर तेवढं खरं ठेवलं होतं. संगीतावरचा हा त्याचा तिसरा सिनेमा. पहिल्यातल्या ड्रमवाल्याने ऐन वेळी मनगट मोडून घेतलं, दुसऱ्यातल्या बँडने एकमेकांवर खटले भरले. स्वप्नांमागे धावणाऱ्या माणसांवर सिनेमा काढायचा हे दिग्गजचं स्वप्न, आणि ती माणसं धावता धावता कुठल्या गल्लीत वळतील याचा काही नेम नव्हता.

माईक सांभाळणारी होती कानसेन. तानसेन होणं काही सगळ्यांच्या नशिबात नसतं, म्हणून हे नाव. ठेवलं दिग्गजनेच, पण तिला ते चिकटलं कारण ते खरं होतं. पोटापाण्यासाठी ती टेलिफोनवरच्या सूचना ध्वनिमुद्रित करून द्यायची. 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' हे वाक्य तिने इतक्या बायकांच्या तोंडून इतक्या वेळा वदवून घेतलं होतं, की रांगेत उभं राहायचं म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. सूर केसभर ढळला तर तिला भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. स्वतः मात्र ती गात नसे. लहानपणी एकदा गाऊन पाहिलं होतं, आपलं आपल्यालाच ऐकू आलं, आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

नायक पळाला त्याच आठवड्यात दिग्गजची दाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की आरशात बघून तोच म्हणाला, "मी आता माझ्याच सिनेमाचं पोस्टर वाटतोय." तरी दोन-तीन दिवस लवंग, मीठ, बर्फ आणि शिव्या असे सगळे उपाय झाले. शेवटी कानसेनने त्याला दंडाला धरून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शनच्या नुसत्या वासाने हा गडी आडवा होतो हे तिला ठाऊक होतं.

दवाखाना जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, एक मासे नसलेली काचेची टाकी, आणि टेबलामागे डॉक्टरांची बायको. सगळे पेशंट त्यांना वहिनी म्हणत. वहिनींनी दिग्गजचा गाल पाहिला आणि विचारलं, "दाढ आहे की अख्खा जबडा घेऊन आलात?" मग आत पाठवलं.

दार लोटलं गेलं. यंत्राची घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीवर स्वार होऊन एक पुरुषी आवाज गाऊ लागला.

*तू गेलीस अन् पोकळी उरली,*
*खोल खोल ती मुळाशी गेली...*

कानसेन खुर्चीत ताठ झाली. आवाज मोठा होता, मनापासूनचा होता, आणि सुराच्या किंचित खाली होता. खूप खाली असता तर सोसलं असतं. हा जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसा, प्रत्येक ओळीला, न चुकता चुकत होता.

"हे कोण?" तिने विचारलं.

"हेच," वहिनी पेशंटांची यादी तपासत म्हणाल्या. "स्वतःच लिहितात, स्वतःच चाल लावतात, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याला ऐकवतात."

"पेशंट काही म्हणत नाहीत?"

"तोंडात बोळा आणि नळी असल्यावर काय म्हणतील, वन्समोर?"

अर्ध्या तासाने दिग्गज बाहेर आला. निम्मं तोंड बधिर, ओठातून लाळ गळतेय, पण डोळे असे चमकत होते की कानसेनला वाटलं, भुलीचं औषध मेंदूत गेलं.

"हीवो हापडला," तो म्हणाला.

"काय?"

"हीवो! आपल्या हिनेमाचा हीवो!"

डॉक्टरांना विचारल्यावर ते लाजले. पन्नाशीचा, टकलाचा, पोट सुटलेला तो माणूस हातमोजे काढता काढता असा लाजला, की वहिनींनी यादीतून डोकं वर काढून पाहिलं. एकदा, फक्त एकदा, रंगमंचावर उभं राहून आपली गाणी म्हणायची, एवढीच त्यांची इच्छा होती. लोकांनी तोंड मिटून ऐकावीत, असं ते म्हणाले, आणि त्यात विनोद आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शूटिंग सुरू झालं. डॉक्टर कवळीचा साचा भरताना गात, क्ष-किरणांचे फोटो उजेडात धरून गात, हात धुताना तर ताना मारत. दिग्गज कॅमेरा घेऊन त्यांच्याभोवती पिंगा घालत होता. कानसेन कानांवर हेडफोन चढवून, दात खाऊन, सगळं ध्वनिमुद्रित करत होती. दात खाऊ नका, झिजतात, असं डॉक्टर तिला मधूनच सांगत.

तिला एका गोष्टीचं नवल वाटायचं. या माणसाला आपलं आपल्याला अजिबात ऐकू येत नव्हतं. आणि म्हणूनच तो इतक्या आनंदात गात होता. तिला सगळं ऐकू यायचं, आणि ती अंघोळ करतानाही गुणगुणत नव्हती. दोघांत शहाणं कोण, हा प्रश्न तिला पडायचा, आणि उत्तर काही तिच्या बाजूने येत नसे.

संकलन चालायचं दिग्गजच्या मामाच्या गाद्यांच्या गोदामात. मामाने भाच्याला कोपरा दिला होता, आणि चारी बाजूंनी छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या गाद्यांमुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. असला स्टुडिओ पैसे देऊन मिळाला नसता. फक्त गिऱ्हाईक आलं की मामा एखादी भिंत उचलून घेऊन जायचा.

सिनेमाचा शेवट रिकाम्या दवाखान्यातल्या गाण्याने करायचा असं ठरलं होतं. डॉक्टर खिडकीपाशी उभे, पाठीमागून संध्याकाळचं ऊन, आणि 'पोकळी' पहिल्यापासून शेवटपर्यंत. चित्र फार सुरेख आलं होतं. आवाज लावला की सगळ्यावर पाणी पडायचं.

"हे ऐकून लोक हसतील," दिग्गज म्हणाला.

"हसतीलच."

"मला रडायला हवेत. तू ते कॉम्प्युटरवर सूर सरळ करतेस ना, तसं कर."

"तो आवाज त्यांचा राहणार नाही मग."

"अगं, आपण फोटोत उजेड वाढवतो, तेव्हा माणूस बदलतो का? थोडंसंच. मेकअपइतकं."

कानसेन नाही म्हणाली. मग बघू म्हणाली. मग एका दुपारी, दिग्गज नसताना, नुसतं करून तर पाहू म्हणून तिने पहिली ओळ सरळ केली. आणि तिथेच फसली. कारण सूर जागेवर बसल्याबरोबर त्या आवाजाखालचं काहीतरी वर आलं. दाणेदार, दमदार, थोडं दुखावलेलं. तिने दुसरी ओळ घेतली, तिसरी घेतली. श्वास जुळवले, तानेचे कोपरे घासले, कुठे हलकासा कंप ठेवला. जन्मभर जे तिला स्वतःच्या गळ्याने जमलं नव्हतं ते ती दुसऱ्याच्या गळ्याने करत होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार मजा येत होती.

दिग्गजने ऐकलं आणि गादीत तोंड खुपसून रडला. मामा गिऱ्हाइकाला घेऊन आला होता, तोही थबकला. "कोण गातंय रे? चांगला आहे." मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "ही गादी घ्या, हिच्यावर बसून ऐकलंय."

उत्साहाच्या भरात दिग्गजने तो तुकडा डॉक्टरांना नेऊन दाखवला. कानसेनला सांगितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी तो एकदा पाहिला, मग डोळे मिटून नुसता ऐकला. चष्मा काढून पुसला. "मला वाटलंच होतं," एवढंच ते म्हणाले.

आठवडा गेला असेल. कानसेन गोदामात एकटी काम करत बसली होती, तर गाद्यांच्या दोन थप्प्यांमधून वहिनी आत शिरल्या. कापसाचे तंतू केसांत, पर्स छातीशी धरलेली.

"तू ती माईकवाली ना?"

"हो वहिनी. बसा ना."

"बसायला नाही आले मी. ह्यांनी दवाखाना बंद केलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे दाराला कुलूप. वाचनालयाच्या वरचं सभागृह ठरवून आलेत, कीबोर्डवाला ठरवून आलेत. म्हणतात, इतकी वर्षं लोकांचे दात उपटण्यात माझा गळा वाया गेला. तिकडे एका बाईंच्या दाढेत तात्पुरतं सिमेंट आहे, एका मास्तरांना खालचीच कवळी मिळालीय, वरची नाही. तो बिचारा रोज फोन करतो आणि मला त्याचं एक अक्षर कळत नाही." वहिनींनी दम घेतला. "लग्न झाल्यापासून मी ह्यांचं गाणं ऐकतेय. स्वयंपाकघरातून, मोरीतून, झोपेतसुद्धा. तुमच्या सिनेमात आहे तो आवाज ह्यांचा नाही. कुणाचा आहे?"

"त्यांचाच आहे. मी... दुरुस्त केलाय."

"मग आता जाऊन नादुरुस्त कर," वहिनी म्हणाल्या आणि आल्या तशा गाद्यांतून निघून गेल्या.

संध्याकाळी दिग्गजला हे कळलं, तर तो चेहरा पाडण्याऐवजी उठून उभाच राहिला. "कानसेन, हाच शेवट! माणूस सगळं सोडून रंगमंचावर उभा राहतो, तोंड उघडतो, आणि..."

"आणि आपटतो. आणि तू ते टिपणार."

"मी नाही आपटवत. मी फक्त तिथे असणार."

"गिधाडंही फक्त तिथेच असतात," ती म्हणाली. ती त्या दिवशी इतकी चिडली की आपणच मूळ घोडचूक केली हे तिला घरी पोहोचल्यावर आठवलं. मग चिडायला कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या घरी गेली. डॉक्टर बैठकीच्या खोलीत, टीपॉय भिंतीशी सरकवून, लंगडणाऱ्या पंख्याखाली सराव करत होते. तिला पाहून खूष झाले. "ये ये! बरं झालं आलीस. मला सांग, माईक तोंडापासून किती लांब धरायचा?"

"डॉक्टर, आधी एक ऐकवायचंय."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि मूळ ध्वनिमुद्रण लावलं. जसं होतं तसं. डॉक्टरांनी पहिल्या ओळीला हसून मान डोलावली, दुसऱ्या ओळीला हसणं थांबलं. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला, पण काढून टाक म्हणाले नाहीत. गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"हे कोण गातंय?"

"तुम्ही."

"आणि ते दुसरं?"

"तेही तुम्हीच. पण मी ते कॉम्प्युटरवर सरळ केलं होतं. प्रत्येक सूर."

"हिने पाठवलं तुला," डॉक्टर आतल्या खोलीकडे बोट दाखवत म्हणाले.

"वहिनी आल्या होत्या. पण खोटं मी केलंय, त्यांनी नाही."

डॉक्टर खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांना ऐकू येतं? हे, असं?"

"हो."

"पेशंटनासुद्धा?"

"भूल दिली तरी कान बधिर होत नाहीत, डॉक्टर."

तिला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. हेडफोनची वायर त्यांनी नीट गुंडाळली, तिच्या हातात दिली.

"माझ्याकडे रोज माणसं येतात," ते म्हणाले. "किडलेले, वाकडे, काळे पडलेले दात घेऊन. मी त्यातला एकसुद्धा न विचारता काढलेला नाही. तू माझं अख्खं तोंड मोकळं केलंस आणि कवळी बसवलीस. आणि मी ती घालून गावभर हसत फिरलो."

चूक झाली, असं कानसेन पुटपुटली. ते शब्द तिच्या स्वतःच्याच कानांना पोकळ वाटले.

"ये तू आता," डॉक्टर म्हणाले. अगदी सभ्यपणे म्हणाले, आणि दार स्वतः उघडून धरलं.

कार्यक्रम रद्द होणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तो रद्द झाला नाही. आदल्या दिवशी डॉक्टरांचा कानसेनला फोन आला. आवाज कोरडा. "उद्या साउंड कोण बघतंय माहीत नाही. तू येशील?"

"येईन. डॉक्टर, एक सांगू का, गातानाच सूर सरळ करणारं यंत्रही असतं. हवं असेल तर..."

"आणलंस तर तुझा एकही दात जागेवर ठेवणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला. तिला एकदम फार बरं वाटलं.

वाचनालयाच्या वरचं सभागृह निम्मं भरलं. नातेवाईक थोडे, पेशंटच जास्त. मास्तर खालची कवळी घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी वहिनी, हात घट्ट बांधून, विमान उडताना बसतात तशा. दिग्गज कॅमेऱ्यामागे. गिधाडाची उपमा त्याला लागलेली दिसत होती, कारण तो पूर्वीसारखा नाचत नव्हता, एका जागी उभा होता.

डॉक्टर आले. कोट जरा आखूड होता. गायला लागले, आणि कानसेनने सवयीने डोळे मिटले. पायरी चुकली. पुढची चुकली. कीबोर्डवाल्याने पहिल्या गाण्यात त्यांचा सूर पकडायचा जिवापाड प्रयत्न केला, दुसऱ्या गाण्यात नाद सोडला. 'पोकळी उरली' या ओळीला मागून कुणीतरी फिसकन हसलं, 'मुळाशी गेली'ला अर्धं सभागृह हसलं. डॉक्टर थांबले.

कानसेनचा हात आवाजाच्या बटणावर गेला. आता कमी करून टाकावं, कुणी ओळखणार नाही, असं तिच्या मनात आलं. तिने हात मांडीखाली दाबून धरला.

"हसा," डॉक्टर माईकमध्ये म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, थोडी थरथर होती. "माझ्या ते आत्ताच लक्षात आलं. लिहिताना मला ते प्रेमाबद्दलच वाटलं होतं." मग ते घोटभर पाणी प्यायले आणि तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली. तितकीच खाली, तितकीच मनापासून. लोक हसले, पण कमी. त्यानंतर त्यांनी ठरवलेली सगळी गाणी म्हटली, एकही गाळलं नाही. काही जण मध्येच उठून गेले. बाकीच्यांना हळूहळू त्याची सवय झाली, जशी पावसात भिजल्यावर पावसाची होते. शेवटी टाळ्या झाल्या. फार नाही, पण झाल्या त्या नीट झाल्या.

उतरून ते सरळ कानसेनच्या टेबलापाशी आले. कपाळावर घाम, डोळे लालसर.

"कसं झालं?"

"वाईट," ती म्हणाली.

"किती?"

"बरंच."

"पण झालं."

"झालं."

"मला एक-दोन ठिकाणी कळत होतं," ते कुजबुजले. "चुकतंय ते. आधी कधीच कळलं नव्हतं. घाणेरडं वाटतं गं." एवढ्यात मास्तरांनी त्यांना गाठलं, तोंड उघडून वरचा रिकामा जबडा दाखवला, आणि डॉक्टर तिथेच, कोटासकट, वाकून आत बघायला लागले.

सोमवारी दवाखाना उघडला. सिनेमाही पूर्ण झाला, दिग्गजच्या आयुष्यातला पहिला. शेवटच्या दृश्यात मूळ आवाजच ठेवला, त्यावर दोघांची गाद्या फेकून मारण्यापर्यंत भांडणं झाली तरी. छोट्या छोट्या महोत्सवांत तो दाखवला गेला. दिग्गजला हवे तिथे लोक रडले नाहीत, नको तिथे रडले. एका ठिकाणी परीक्षकांनी 'ध्वनीच्या निर्भीड वापराबद्दल' कानसेनला खास मानचिन्ह दिलं. निर्भीड वापर म्हणजे तिने काहीही केलं नव्हतं.

डॉक्टर सिनेमाला आले नाहीत. दिग्गजशी ते पुढे बरेच दिवस फक्त दाढेपुरतं बोलले. पण एका रविवारी ते गोदामात उगवले, आणि गादीवर बसून कानसेनला म्हणाले, "गायला नको शिकवू, ते मला येतं. ऐकायला शिकव." तिने यंत्रावर सूर लावायचा, त्यांनी आपला लावायचा, आणि वर की खाली ते ओळखायचं. सुरुवातीला ते छापा-काटा केल्यासारखं काहीही सांगत. मग हळूहळू बरोबर येऊ लागलं. एकदा सूर लावणारं यंत्र बिघडलं, तर कानसेनने नकळत स्वतःच आवाज काढून सूर दिला. मग दचकून गप्प बसली. डॉक्टर म्हणाले, "थांबलीस का? चांगला होता की." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना अजून तेवढं कळतच नव्हतं. पण तिने सूर पुन्हा दिला.

महिनाभराने वहिनींचा फोन आला.

"काय करून ठेवलंस तू?" त्या कडाडल्या. "आधी निदान गाणं एकदा चुकीचं गाऊन संपायचं. आता ह्यांना चुकलेलं ऐकू येतं. पेशंटच्या तोंडात हात घालून तीच ओळ दहा वेळा दुरुस्त करत बसतात. आज एक बाई निघताना मला ते गाणं म्हणून दाखवून गेली, आणि ह्यांच्यापेक्षा बरं म्हणत होती."

"मग काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणणार? पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय तिला. दातात काही नाहीये तिच्या."